घडीचं चर्च

मास्तर,

हे तुम्हाला मराठीतून लिहितो आहे. आपल्या दोघांत एकच भाषा होती, इंग्रजी, आणि ती तुमचीही नव्हती, माझीही नव्हती. भाड्याची खोली वापरावी तशी ती आपण जपून वापरली. पण मनातलं लिहायचं तर स्वतःच्या घरात बसून लिहावं असं आता या वयात वाटतं. तुम्हाला मराठीतला एकच शब्द येत होता, 'हळू'. जिन्यावरून कपाट उतरवताना मी ओरडायचो, तो तुम्ही उचललात, आणि मग पॅकिंग-रूममधल्या इंग्रज पोरांवरही तुम्ही 'हळू, हळू' म्हणून खेकसायचात. त्यांना वाटायचं तो तुमच्या देशातला शब्द आहे. तोंडावर मी तुम्हाला 'मिस्टर' म्हणायचो आणि पुढचं आडनाव गिळून टाकायचो, कारण ते बोलायला गेलं की जीभ अडकायची. मास्तर हे फक्त घरी, हिच्याशी बोलताना. आज मास्तरच म्हणतो.

मागच्या रविवारी तुमचं चर्च माझ्या व्हॅनमध्ये चढलं. तुमचा देश मोकळा झाला की ते घरी पोचवायचं, असा शब्द मी तुम्हाला दिला होता, हॉस्पिटलातल्या त्या खिडकीजवळच्या खाटेपाशी. त्या शब्दाचं काय झालं ते तुम्हाला माझ्याकडूनच कळायला हवं. पण तुम्हीच शिकवलंत की जड सामान आधी भरायचं, हलकं वर. म्हणून आधी जुनं.

मी या देशात आलो तो बायकोच्या मागे. ती मिरजेत नर्स होती, इथल्या हॉस्पिटलांना नर्सेस हव्या होत्या, आणि इचलकरंजीत मागावर काम करणारा नवरा तिने सोबतच्या ट्रंकेसारखा आणला. नॉटिंगहॅमच्या आमच्या मराठी मंडळींत बहुतेक डॉक्टर. मला ओळख करून देताना म्हणत, 'हे सिस्टरांचे मिस्टर.' मी हसून नमस्कार करायचो. मनाला लागायचं, पण हसायला पैसे पडत नाहीत आणि हसणाऱ्या माणसासमोर लोक मोकळेपणाने बोलतात, हे मला लवकर कळलं. नोकरी लागली ती तुमच्या मोज्यांच्या फॅक्टरीत, पॅकिंगला. तुम्ही फोरमन. उंच, खांद्यात किंचित वाकलेले, कानावर पेन्सिल. पहिल्याच दिवशी मी भरलेला खोका तुम्ही उचललात, कानाशी नेऊन हलवलात आणि परत टेबलावर ठेवलात.

'बोलतोय,' तुम्ही म्हणालात.

मला कळेना कोण बोलतंय. तुम्ही खोका माझ्या कानाशी धरलात. आत कुठेतरी बारीक सरसर. 'बोलणारा खोका फुटतो. उघड, परत भर.' आज माझ्याकडे पाच गाड्या आहेत आणि माणसांची घरंच्या घरं मी या गावातून त्या गावात नेतो, पण दार लावण्याआधी एकदा गाडी ढकलून कान लावतोच. पोरं हसतात. हसू देत.

मग एका शुक्रवारी तुम्ही विचारलंत, 'रविवारी दुपारी काय करतोस?' मी म्हटलं, झोपतो. 'गाडी चालवता येते?' येते. 'मग ये. आमचा चालवणारा आजारी आहे.' मला वाटलं कोणाचं घर हलवायचं असेल. तुमच्या गॅरेजमधून आपण ट्रंका आणि खोकी काढली, इंग्रजांच्या चर्चच्या मागच्या हॉलमध्ये नेली. आठवतो तो हॉल? जमिनीवर बॅडमिंटनच्या पिवळ्या रेघा, कोपऱ्यात स्काउटच्या पोरांचे तंबू, ओल्या कॅनव्हासचा वास. आणि मी बघत राहिलो, कारण तुम्ही त्या ट्रंकांतून चर्च बाहेर काढायला लागलात. वेदी चार फळ्यांची, बिजागऱ्यांवर उघडणारी. क्रूस दोन तुकड्यांत, पितळी स्क्रूने जोडायचा. मेणबत्त्यांची घरं पायापासून सुटी. प्याला एका जुन्या लोकरी मोज्यात. स्तोत्रांचे आकडे लावायची पाटी, मधोमध दुमडणारी. चहाचं पाणी उकळेपर्यंत बॅडमिंटन कोर्टावर चर्च उभं राहिलं, आणि माणसं कोट झटकत आत आली. बायकांच्या हातात कापडाने झाकलेली ताटं. पाद्री स्टेशनवरून चालत आले. त्यांच्याकडे अशी बरीच गावं होती आणि महिन्यातून एक रविवार तुमचा होता.

तुमच्या लोकांची गोष्ट मला एका बैठकीत कोणी सांगितली नाही. ती मी सामान उचलता उचलता ऐकली. तुम्ही लॅटव्हियाचे, लुथरन पंथाचे. लढाईत देश आधी एकाने घेतला, मग दुसऱ्याने, मग पुन्हा पहिल्याने. पळालात ते जर्मनीतल्या छावण्यांत अडकलात, आणि परत जाण्यात जिवाचा धोका होता. मग इंग्लंडला हात हवे होते म्हणून त्यांनी धडधाकट माणसं निवडली. कोण खाणीत, कोण शेतावर, बायका गिरण्यांत आणि हॉस्पिटलांत फरशा पुसायला. त्यात शाळामास्तर होते, एक न्यायाधीश होते असं म्हणत. तुम्ही कोण होतात ते मी विचारलं तेव्हा म्हणालात, 'तरुण होतो.' वेदी छावणीतल्या एका सुताराने खाण्याच्या डब्यांच्या खोक्यांपासून केली होती. तिच्या पोटाशी अजून शिक्क्याची काळी अक्षरं आहेत, वरून कापड पडलं की दिसत नाहीत. सुतार या देशात आलाच नाही, छातीच्या एक्स-रेत नापास झाला. वेदी पास झाली. हे तुम्ही हसत सांगितलंत, आणि मग बराच वेळ दोरी गुंडाळत बसलात.

आता मी मारलेल्या खिळ्याबद्दल. तिसऱ्या-चौथ्या खेपेला मला वाटलं, ही आकड्यांची पाटी दर वेळी खुर्चीवर टेकवून ठेवतात, लहान मुलाचा धक्का लागला की पडते. आपण यांना एक सोय करून देऊ. भिंतीत दणकट खिळा मारला, पाटी टांगली, दोन पावलं मागे येऊन बघितलं. छान दिसत होती.

'हे कोणी केलं?' तुम्ही विचारलंत.

'मी. पडणार नाही आता.'

'काढ.'

मी काढला. तुम्ही मोरीवरचा साबणाचा तुकडा आणलात, त्याने ते भोक बुजवलंत, बोटाने सारखं केलंत, ओल्या रुमालाने पुसलंत. मग उपासना सुरू झाली. मी दाराशी उभा, तो खिळा मुठीत. संपल्यावर चहाचा कप घेऊन तुम्ही माझ्याजवळ आलात. म्हणालात, 'पाहुण्याने खुंटीला कोट टांगावा. खुंटी मारू नये.' तुमच्या मिसेस मागून येऊन माझ्या बशीत त्यांच्या त्या खारवलेल्या मांसाच्या छोट्या पावांऐवजी कोबीचा पाव ठेवून गेल्या. मी डुकराचं खात नाही हे मी कधी सांगितलं नव्हतं. त्यांनी पहिल्या रविवारी माझी बशी बघून ठेवली होती.

तेव्हा मला तुमचा राग आला होता. पुढे कळलं की हा साऱ्या मंडळींचा नियम होता. हॉलचं भाडं तुम्ही सहा-सहा महिन्यांनीच ठरवायचात. इंग्रजांच्या त्या चर्चचा व्हिकर, म्हणजे त्यांचा पाद्री, बिचारा म्हणायचा, वर्षाचं घ्या, स्वस्त पडेल. तुम्ही म्हणायचात, 'वर्ष फार होतं.' हे असं किती वर्षं चाललं. त्याने तुम्हाला भिंतीतलं एक कपाट देऊ केलं, दर वेळी ट्रंका वाहायला नकोत म्हणून, तेही नको. गल्लीच्या टोकाला एक छोटं चॅपल रिकामं पडलं, तो किल्ली घेऊन तुमच्या दारात आला, जवळजवळ फुकट देत होता. तुम्ही सभा घेतलीत. एक कप चहा संपायच्या आत सभा संपली. एवढ्यात घरी जायचं असताना इमारत कशाला. आता तिथे कार्पेट विकतात. मी तिथूनच घरचं घेतलं.

इंग्रज हसायचे या हट्टाला. मी हसू शकलो नाही, कारण माझ्या घरी हिने लग्नातली भांडी खोक्यातून काढली नव्हती. 'पाच वर्षांनी परतच जायचंय, कशाला काढू?' ही म्हणायची. आमच्या प्रत्येक घरात तेच. भिंतीला कॅलेंडर, बाकी काही नाही. फरक एवढाच की आम्हाला परत जायला कोणी अडवलं नव्हतं, विमान रोज सुटत होतं, आणि आम्ही जात नव्हतो. तुम्हाला जाता येत नव्हतं, आणि तुम्ही रोज निघालेले होतात. आमच्यापेक्षा तुमचं जास्त खरं होतं, मास्तर. हे मला तेव्हा म्हणता आलं नाही.

तुमचं आमच्या गणपतीबद्दलचं कुतूहल आठवतं. डबे खाता खाता एकदा विचारलंत, 'तुमचं देऊळ कुठे?'

'देऊळ नाही. देव येतो. एका डॉक्टरच्या गॅरेजमध्ये बसतो. मग पाण्यात.'

'पाण्यात? कोण टाकतं?'

'आम्हीच. वाजतगाजत.'

तुम्ही बराच वेळ चावत राहिलात. 'शहाणे लोक,' म्हणालात. 'इमारत नको, भाडं नको. पण परत येईल कशावरून?'

'पुढच्या वर्षी लवकर या, असं ओरडून सांगतो त्याला.'

'आम्ही इतकी वर्षं हळू सांगत होतो,' तुम्ही म्हणालात. 'तिथेच चुकलं.'

पॅकिंग-रूममध्ये तुम्हाला इतकं मोठ्याने हसताना मी पुन्हा ऐकलं नाही.

पण वर्षातला एक दिवस असा होता की तुम्ही हसतही नसायचात आणि घाईतही नसायचात. उन्हाळ्यातला तो रविवार, दफनभूमीतला. तुम्ही त्याला कापू स्वेत्की म्हणायचात, कबरींचा सण. तुमच्या भाषेतले मला ओळखू येणारे शब्द थोडे, त्यातला हा एक, कारण दर उन्हाळ्यात आधीचे दोन महिने सगळ्यांच्या बोलण्यात तो यायचा. कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, सिमेट्रीत तुमची माणसं एका कडेला. सकाळी येऊन गवत काढायचं, दगड घासायचे, फुलं लावायची, मग वेदी गवतावर उभी करून उपासना, गाणी, आणि कबरींच्या मधोमध चादरी पसरून जेवण. मला आधी कसंतरी वाटलं. आमच्याकडे स्मशानातून आल्यावर आंघोळ करतात आणि हे तिथे चीज कापत बसले होते. म्हातारे आपल्या गेलेल्या माणसांच्या दगडाला टेकून बसलेले, पोरं पळताहेत, आणि कोणी कोणाला ओरडत नाही. तुमच्या गावी कबरीभोवती पांढरी वाळू पसरून तिच्यावर दाताळ्याने नक्षी काढतात म्हणे. कौन्सिलला वाळू चालत नव्हती. म्हणून तुम्ही बादलीभर वाळू आणायचात, पसरायचात, नक्षी काढायचात, आणि संध्याकाळी झाडूने गोळा करून बादलीत परत भरायचात. गवतावर एक कण नाही. मी बादली धरायचो. तुम्ही झाडता झाडता प्रत्येकाची गोष्ट सांगायचात: हा खाणीत गेला, हिला हिवाळा सोसला नाही, हा पत्त्यांत फसवायचा.

व्हॅन घ्यायला तुम्हीच लावलंत मला. 'फॅक्टरीत तू दुसऱ्याचे मोजे भरतोस. तुझे हात घरं भरायचे आहेत.' आमच्या मंडळातल्या एका डॉक्टरसाहेबांनी म्हटलं होतं, नोकरी सोडून हमाली करणार का? ते मी तुम्हाला सांगितलं. पुढच्या रविवारी हॉलच्या दारात एक ढकलगाडी उभी होती, फॅक्टरीने टाकून दिलेली, तुम्ही चाकांना नवं रबर बसवलेलं, दांडा घासून तेल पाजलेलं. 'डॉक्टरलाही कधीतरी घर बदलावं लागतं,' तुम्ही म्हणालात. लागलं. सगळ्यांना लागलं. आज त्या साहेबांचा पियानो हलवायचा असला तर ते दुसऱ्या कोणाला बोलावत नाहीत.

मग ते हॉस्पिटल. ही त्याच वॉर्डवर सिस्टर, म्हणून मला तुमच्याजवळ जरा जास्त बसता यायचं. दुपार होती, खिडकीत ऊन होतं. तुमचे हात चादरीवर, आणि बोटं अजून कसल्यातरी कडा जुळवत होती. तुम्ही म्हणालात, 'तो दिवस येईल. मी नसेन. तू ने. जहाजाने नको, ट्रेनने नको. तुझ्या गाडीतून.'

'नेईन.'

'फुकट नाही. फुकट काम करणारा उशिरा पोचतो.'

'बरं. बिल लावतो.'

'कोणाला?'

'देवाला.'

'तो सहा महिन्यांनी देतो,' तुम्ही म्हणालात, आणि हसता हसता इतका खोकला आला की हिने मला बाहेर काढलं. तेच आपलं शेवटचं बोलणं.

त्यानंतर फार वर्षं गेली नाहीत आणि तुमचा देश मोकळा झाला. मास्तर, तो रविवार तुम्ही बघायला हवा होता. हॉलमध्ये उभं राहायला जागा नाही, गाणं सुरू झालं आणि मधेच विरघळलं. मी व्हॅनची टाकी भरून आणली होती. दाराशी उभा राहिलो, कोण म्हणतंय 'भर' याची वाट बघत. कोणी म्हणालं नाही. पुढच्या महिन्यातही नाही. माणसं जाऊन येऊ लागली, फोटो आणू लागली. बाई, म्हणजे तुमच्या मिसेस, तुमच्या गावी जाऊन आल्या. मी विचारलं, घर आहे का? 'घर आहे,' त्या म्हणाल्या. 'कुत्रा दुसऱ्याचा आहे.' थोड्या वेळाने म्हणाल्या, 'दुकानात मी आपल्या भाषेत साखर मागितली. मुलगी म्हणाली, किती छान बोलता, कुठून आलात?'

हॉलचं भाडं पुन्हा सहा महिन्यांचं ठरलं. माझा शब्द तसाच राहिला, आणि मी कोणाला आठवण करून दिली नाही.

मग एकेक गेले. दफनभूमीतली तुमची कड वाढत गेली आणि हॉलमधल्या खुर्च्या मी कमी मांडू लागलो. पाद्री महिन्याऐवजी तीन महिन्यांनी येऊ लागले. या दोन-चार वर्षांत युरोपचं दार उघडलं आणि तुमच्या देशातून तरुण पोरंपोरी आली, लिंकनशरच्या बाजूला भाजी पॅक करायला, कोंबड्या साफ करायला. बसमध्ये मागच्या सीटवर तुमची भाषा ऐकून मी वळून बघायचो. शब्द कळत नाहीत, पण चाल ओळखू येते, इतक्या रविवारांची सवय. तुमच्या म्हाताऱ्यांना ती पोरं आवडली नाहीत. 'आम्ही जीव वाचवायला आलो, हे पगारासाठी आले. स्तोत्रं येत नाहीत, चर्चची पायरी माहीत नाही.' मीही पगारासाठीच आलो होतो, तोही बायकोच्या.

आणि यंदा इंग्रजांनी हॉल विकायला काढला. तुमच्या उरलेल्या मंडळींनी सभा घेतली. सगळे एका टेबलाभोवती मावले. ठरलं की चर्च बंद करायचं. तुमच्या गावचं चर्च, ज्यात मधल्या काळात धान्य साठवत होते, पुन्हा उघडलं आहे आणि त्यांच्याकडे वेदी नाही, एक साधं टेबल आहे. तिकडच्या पाद्रींनी कळवलं की तुमची वेदी आम्ही आनंदाने ठेवून घेऊ. बाईंनी मला फोन केला. 'वेळ झाली,' एवढंच म्हणाल्या. मी कोणालाही न विचारता मोठी व्हॅन ठेवून घेतली, टायर बदलले, हार्विचच्या बोटीचं तिकीट काढलं. हॉलंड, जर्मनी, पोलंड, मग वर. माझा मुलगा म्हणाला, 'बाबा, एवढा सामान कुरिअरने पाठवा ना, ट्रॅकिंग पण मिळते.' मी म्हटलं, हा शब्द कुरिअरने जात नाही. ही आतून म्हणाली, 'जाऊ दे त्यांना. तू त्या खोलीत नव्हतास.'

शेवटची उपासना मागच्या रविवारी झाली. मी नेहमीसारखा मागे. संपल्यावर कोणी रडलं नाही, सगळे भराभर कामाला लागले, तुम्ही असतात तर तुम्हीही तेच केलं असतंत. वेदी मिटली, क्रूस सुटा केला, प्याला मोज्यात गेला. सगळं व्हॅनमध्ये चढलं. मी कान लावला. आतून काही आवाज नाही.

तेवढ्यात एक मुलगी आली. चमकणारं पिवळं जाकीट, शिफ्टवरून थेट आलेली, मागे आणखी चारपाच तसेच, दारातच घुटमळणारे. तिने बाईंना काहीतरी विचारलं आणि त्यात तो शब्द आला, कापू स्वेत्की. म्हाताऱ्या मंडळींचे हात थांबले. बाईंनी मला लगेच इंग्रजीत सांगितलं. तिचा भाऊ इथे कामाला होता, हिवाळ्यात पहाटे कामावर जाताना गाडीखाली आला. इथेच पुरलाय, त्याच दफनभूमीत, दुसऱ्या टोकाला. घरी आजी दर उन्हाळ्यात कबरींचा सण करायची, पण मुलीला त्यातलं काही येत नाही, गाणी कोणती, कोण काय बोलतं. दुकानात कोणीतरी सांगितलं की इथे आपले जुने लोक आहेत. ती विचारत होती, या वर्षीचा दिवस कोणता.

तुमच्या लोकांनी एकमेकांकडे बघितलं. या वर्षीचा दिवस ठरलाच नव्हता. बंद होणाऱ्या चर्चचा कसला दिवस. मग सगळ्यांनी बाईंकडे बघितलं आणि बाईंनी माझ्याकडे.

'त्याला शब्द तू दिला होतास,' त्या म्हणाल्या. 'तू सांग.'

मास्तर, मी भाषण करणारा माणूस नाही. मला माझ्या धंद्यातलं तेवढं येतं. मी म्हटलं, 'घर रिकामं झालं की आम्ही शेवटी एकदा सगळ्या खोल्या फिरतो. काहीतरी राहिलेलं असतंच.'

'काय राहिलंय?' एका म्हाताऱ्याने विचारलं. 'मी सगळं बघितलंय.'

'मास्तर,' मी म्हटलं. मग त्याला कळलं नाही म्हणून तुमचं आडनाव घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण घेतलं, आणि ते बरोबर आलं असावं, कारण कोणी हसलं नाही. 'आणि बाकीचे. ते माझ्या गाडीत मावत नाहीत.'

तुम्ही लोकांनी सगळं दुमडता येईल असं केलंत, मास्तर. भिंतीत एक खिळा राहू दिला नाहीत, वाळूसुद्धा झाडून नेलीत. आणि त्याच वेळी एकेक करून आपली माणसं या जमिनीत ठेवत गेलात, आणि त्याचा हिशेब कोणी धरला नाही. मीही नाही, आणि माझा तर धंदाच तो.

त्याच म्हाताऱ्याने म्हटलं, 'पण गावच्या चर्चला आपण कबूल केलंय. त्यांच्याकडे वेदी नाही.'

बाईंनी हातातला रुमाल घडी करून पर्समध्ये ठेवला. 'त्यांना घडीची कशाला हवी?' त्या म्हणाल्या. 'त्यांना कुठे जायचंय?'

मग त्या मुलीकडे वळून काहीतरी म्हणाल्या, आणि मला म्हणाल्या, 'आज. आधी तिकडे चल. मग परत येऊन हे उतरव.'

आम्ही दफनभूमीत गेलो. वेदी तुमच्या दगडापाशी गवतावर उभी केली. म्हाताऱ्यांनी गाणी म्हटली, पोरांना शब्द येत नव्हते, ती चालीवर गुणगुणत राहिली. मग सगळे चालत दुसऱ्या टोकाला गेले, त्या भावाच्या कबरीकडे, जिला अजून दगड नाही. वाळू नव्हती. एका मुलाने त्यांच्या व्हॅनमधून सिमेंटच्या कामाची उरलेली पिशवी शोधून काढली, तीत थोडी होती. नक्षी बाईंनी मुलीच्या हातावर हात ठेवून बोटांनीच काढली. संध्याकाळी मी झाडू घेऊन पुढे झालो तर बाई म्हणाल्या, 'राहू दे. कौन्सिलला सांगू पाऊस पडला.'

तर असं झालं. चर्च बंद झालेलं नाही. मेथडिस्ट चर्चच्या लोकांनी त्यांची बाजूची खोली देऊ केली आहे. गावच्या चर्चसाठी डर्बीच्या एका ओळखीच्या सुताराकडे ओकची वेदी करायला टाकली आहे, घडी न होणारी, चार माणसांनी उचलावी लागेल अशी. ती मी नेणार आहे, बोटीचं तिकीट पुढे ढकलून घेतलं आहे. म्हणजे शब्द पाळला की मोडला ते मला ठरवता येत नाही. तुम्ही खोका कानाशी धरून बघावा तसं बघा.

हे पत्र कुठे टाकणार? बाईंना वाचून दाखवावं तर त्यांना मराठी येत नाही, आणि इंग्रजीत सांगावं तर हे सगळं त्यांना माझ्याआधी ठाऊक आहे. हिने विचारलं, काय लिहिताय एवढं? मी म्हटलं, इन्शुरन्सचं. तेव्हा हे माझ्यापाशीच राहील.

एकच राहिलं. इतकी वर्षं मी सगळ्यांना, हिलाही, सांगत आलो की मी तिथे सामान उचलायला जातो. मंडळातही तेच सांगतो, गंमत म्हणून. बाई म्हणाल्या 'उतरव', तेव्हा मी कपाळाला आठ्या घातल्या, कमरेवर हात ठेवला, आत्ताच तर भरलं म्हणून कुरकुर केली. म्हाताऱ्यांना वाईट वाटलं, एकाने मदतीला कोट काढला. मास्तर, मी इतका खूश होतो की गाडीच्या दाराची कडी मला पहिल्या झटक्यात उघडता आली नाही.